पशुसल्ला : गाईचे पोट सरकणे

प्रश्न : गाय व्यायल्यावर दहा-बारा दिवस चांगली होती, मग दूध निम्म्यावर आले. डॉक्टरांनी तपासून ‘पोट डावीकडे सरकलंय’ असे सांगितले. गाय घसरली नाही, पडली नाही. मग पोट जागचे हलले कसे?

पडण्या-घसरण्याशी याचा संबंध नसतो. गाईच्या चार पोटांपैकी कोटीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट आपली जागा सोडत नाहीत. हलते ते चौथे, म्हणजे अबोमेझम. आम्ल आणि पाचकरस याच पोटात सुटतात, म्हणून त्याला खरे पोटही म्हणतात. ते उदराच्या तळाशी, मधल्या रेषेच्या थोडे उजवीकडे असते. एका पातळ पडद्याने ते सैलसर धरलेले असल्यामुळे निरोगी गाईतही थोडेफार इकडेतिकडे होतच असते.

गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत वाढलेले गर्भाशय कोटीपोटाला वर उचलते आणि चौथ्या पोटाला पुढे व डावीकडे रेटते. वासरू बाहेर आले की आत एकदम मोकळी जागा होते. गाय भरपूर चारा खात असेल तर कोटीपोट भरून खाली बसते, ती जागा व्यापते आणि चौथे पोट उजवीकडे परत जाते. गाय कमी खात असेल तर ती जागा तशीच रिकामी राहते.

पण नुसत्या मोकळ्या जागेने पोट सरकत नाही. त्याची हालचाल मंदावणे हे दुसरे आणि खरे कारण. रक्तातले कॅल्शियम घटले की पोटाचे स्नायू ढिले पडतात. खुराक (पेंड, धान्य) जास्त आणि लांब धाग्याचा चारा कमी असला की कोटीपोटात तयार होणारी आम्ले न शोषली जाता चौथ्या पोटापर्यंत उतरतात. त्यामुळेही हालचाल मंदावते, शिवाय वायू जास्त तयार होतो. वार अडकून गर्भाशयात झालेला दाह किंवा कासदाह असेल तर जंतूंचे विष रक्तात उतरून हाच परिणाम करते. हालचाल थांबली की वायू पुढे जात नाही, आतच साठतो आणि पाण्याखाली दाबून धरलेल्या फुग्यासारखे ते पोट वर यायला बघते. कोटीपोटाच्या खालून डावीकडे निसटते आणि कोटीपोट व डाव्या बरगड्या यांच्यामधल्या फटीत वर चढून बसते.

दहापैकी आठ-नऊ गाईंत पोट डावीकडेच सरकते आणि त्यातल्या बहुतेक गाईंत ते व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घडते. तुमची गाय नेमकी त्याच काळात आहे.

प्रश्न : गाय खुराकाला तोंड लावत नाही, सुका चारा मात्र थोडा खाते. किटोसिस समजून ग्लुकोजचे सलाईन दिले की दोन दिवस बरी दिसते, परत तीच गत. पोट सरकले आहे हे ओळखायचे कसे?

किटोसिस म्हणजे खाणे कमी पडून अंगची चरबी वितळणे आणि त्यातून रक्तात किटोन नावाची द्रव्ये साठणे. उपचाराने तात्पुरती सुधारणारी आणि पुन्हा उलटणारी किटोसिस हीच पोट सरकल्याची मोठी खूण आहे. अशा गाईला तिसऱ्यांदा ग्लुकोज लावण्याआधी पोट तपासून घ्या.

बाहेरून दिसणारी लक्षणे अशी असतात. आधी खुराक सुटतो, मग मुरघास, सगळ्यात शेवटी सुका चारा. दूध तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने उतरते. रवंथ कमी होते. शेण थोडे पडते, गडद आणि मऊ लेपासारखे असते, कधी पातळ होते. ताप सहसा नसतो. नाडीही साधारण मिनिटाला ६० ते ८० अशी नेहमीसारखीच असते. गाईच्या मागे उभे राहून दोन्ही बाजू ताडून पाहा. डाव्या शेवटच्या बरगड्या थोड्या बाहेर आलेल्या आणि त्यांच्या मागची भकाळी आत गेलेली दिसते, कारण कोटीपोट आतल्या बाजूला ढकलले गेलेले असते. लघवीत किटोन सापडतात. ताप असेल, गाय पाठ कमानीसारखी करून उभी असेल, चालताना कण्हत असेल तर जाळीपोटात तार किंवा खिळा टोचल्याची शंका आधी घ्यावी.

खात्री होते ती आवाजावरून. गाईच्या कमरेच्या हाडाचे बाहेर आलेले टोक आणि पुढच्या पायाचे कोपर यांना जोडणारी रेघ मनात धरा. या रेघेच्या आसपास नवव्या ते तेराव्या बरगडीपर्यंतच्या पट्ट्यात स्टेथोस्कोप टेकवायचा आणि त्याच्या शेजारीच बोटाने जोरात टिचकी मारायची. आत वायू आणि द्रव एकत्र कोंडलेले असतील तर पत्र्याच्या पिंपावर टिचकी मारावी तसा खणखणीत, घुमणारा आवाज येतो. डॉक्टर त्याला ‘पिंग’ म्हणतात. मुठीने कूस हलवली तर त्याच जागी पाणी डचमळल्यासारखेही ऐकू येते.

यात फसगतही होते. रिकाम्या कोटीपोटातला वायूसुद्धा वाजतो, पण तो आवाज वरच्या बाजूला असतो, भकाळीपर्यंत पसरतो आणि एवढा खणखणीत नसतो. शंका उरली तर डॉक्टर आवाजाच्या जागेखाली सुई घालून थोडा द्रव काढतात आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) दाखवणाऱ्या कागदावर तपासतात. चौथ्या पोटातला द्रव आम्लधर्मी, सामू साधारण २ ते ३.५, कोटीपोटातला ६ ते ७ च्या दरम्यान. आणखी एक अडचण म्हणजे काही गाईंत पोट येऊन-जाऊन असते. सकाळी आवाज मिळतो, संध्याकाळी मिळत नाही. म्हणून एकदा तपासून काही सापडले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावे, आणि दर वेळी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

प्रश्न : पोट फुगल्यावर देतात ते तेल किंवा खाण्याचा सोडा पाजला तर चालेल का?

नाही. तेल आणि फुगीची औषधे कोटीपोटातल्या वायूवर काम करतात. इथे वायू चौथ्या पोटात कोंडलेला असतो, तिथे ती वेळेत पोहोचत नाहीत. सोडा तर उलटा पडतो. चौथ्या पोटात सुटणारे आम्ल तिथेच अडकून राहिल्याने रक्तातले क्लोराइड आणि पोटॅशियम घटते आणि रक्त अल्कधर्मी होते. त्यात सोडा म्हणजे आगीत तेल. या गाईला साध्या मिठाचे सलाईन आणि पोटॅशियम क्लोराइड लागते, आणि त्याचे प्रमाण गाय पाहूनच ठरवावे लागते.

प्रश्न : पोट उजवीकडे सरकले तर जास्त धोका असतो असे ऐकले. खरे का?

खरे आहे. डावीकडे सरकलेल्या पोटातून थोडे अन्न आणि वायू पुढे जात राहतो. गाय खंगते, दूध जाते, पण दिवसच्या दिवस, कधी आठवडेही तग धरते. उजवीकडे सरकलेले पोट स्वतःभोवती पिळा घेऊ शकते. पिळा बसला की वाट बंद होते, रक्तपुरवठा तुटतो आणि पोटाची भिंत मरू लागते. मग गाय अचानक खाणे पूर्ण सोडते. दूध जवळजवळ बंद होते. डोळे खोल जातात, कान-पाय गार पडतात, नाडी मिनिटाला १०० च्या वर जाते आणि उजव्या बरगड्यांवर मोठ्या भागात आवाज येतो. शेण कमी, काळपट, किंवा अजिबात नसते.

अशा गाईला सकाळपर्यंत थांबवू नका. तासांचा हिशेब असतो, शस्त्रक्रिया त्याच दिवशी व्हावी लागते आणि उशीर झाला तर ती करूनही गाय हाती लागेलच असे नाही. उजवीकडे आवाज येण्याची दुसरीही कारणे आहेत, उदाहरणार्थ मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी फुगणे. तो आवाज जास्त मागे, भकाळीपर्यंत असतो. हा फरक डॉक्टरांनाच करू द्या.

प्रश्न : गाय लोळवली की पोट जागेवर येते म्हणतात. चार माणसे घेऊन घरी करता येईल का?

युक्ती खरी आहे, पण डॉक्टर समोर असल्याशिवाय करू नका. पोट डावीकडेच आहे याची खात्री नसताना गाय लोळवली आणि ते उजवीकडचे निघाले, तर पिळा बसण्याला आपणच हातभार लावतो. गाभण गाईत गर्भाशयालाही पिळा पडू शकतो. आणि पाठीवर असताना कोटीपोटातले पाणी तोंडात येऊन श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाचा दाह होतो.

पद्धत अशी. मऊ, सपाट जागेवर दोराने गाय उजव्या कुशीवर पाडतात. मग तिला पाठीवर आणतात आणि पुढचे व मागचे पाय वेगवेगळे धरून दोन-तीन मिनिटे डावी-उजवीकडे झुलवतात. वायू भरलेले पोट या स्थितीत वर, म्हणजे पोटाच्या मधल्या रेषेकडे येते. झुलवणे डाव्या कुशीवर एकदम थांबवतात. गाय डाव्या कुशीवर असताना उजवी बाजू वर असते, त्यामुळे पोट तिकडे चढते. तिथून तिला छातीवर बसवून उठवायचे आणि लगेच डावीकडे पुन्हा ऐकायचे. आवाज गेला म्हणजे पोट सुटले.

सुटले, पण बांधले गेलेले नाही. नुसते लोळवलेल्या निम्म्याहून अधिक गाईंत ते पुन्हा सरकते. म्हणून गाय पाठीवर असतानाच डॉक्टर पोटाच्या भिंतीतून नळी घालून दोऱ्याला अडकवलेल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या दांड्या चौथ्या पोटात सोडतात आणि दोरे बाहेर बांधतात. याला टॉगल म्हणतात. नळीतून आलेल्या वायूचा वास आणि द्रवाचा सामू पाहिल्याशिवाय दोरा बांधायचा नसतो, नाहीतर भलताच अवयव टाचला जातो. दोरे साधारण तीन ते चार आठवड्यांनी कापतात. खर्च आणि वेळ दोन्ही कमी, पण आत हात नसल्याने चूक होण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. गाय किमती असेल आणि शस्त्रक्रियेची सोय असेल तर आमचा कौल शस्त्रक्रियेला.

प्रश्न : शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? नंतर काय काळजी घ्यावी?

बहुतेक वेळा गाय उभीच असते. उजवी कूस सुन्न करून छेद घेतात. हात कोटीपोटाच्या मागून-वरून डावीकडे नेऊन सुई-नळीने वायू सोडतात, मग रिकामे झालेले पोट खालून उजवीकडे ओढून आणतात आणि त्याला चिकटलेला चरबीचा पडदा, पोटाच्या आतड्याकडच्या तोंडाजवळचा भाग धरून, उजव्या भिंतीला शिवून टाकतात. डाव्या बाजूने किंवा पोटाच्या खालून छेद घेण्याच्याही पद्धती आहेत. वेळेत केलेल्या डावीकडच्या शस्त्रक्रियेत बहुसंख्य गाई बऱ्या होतात.

शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व मागच्या आजाराला आहे. कॅल्शियम कमी असेल, गर्भाशयात पू असेल, किटोसिस असेल तर ते बरे केल्याशिवाय गाय खाणार नाही. किटोसिससाठी प्रोपिलीन ग्लायकॉल दिवसातून एकदा ३०० मिली, पाच दिवस पाजतात. पाजताना गाईचे डोके फार वर धरू नका आणि हळूहळू पाजा. पहिले दोन-तीन दिवस चांगला सुका चारा पुढे सतत ठेवा, खुराक अगदी थोडा. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. जखमेतून पाणी, सूज किंवा १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर कळवा. प्रतिजैविके दिली असतील तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध विकू नये.

प्रश्न : २० दुभत्या गाईंपैकी या वर्षी तिघींचे पोट सरकले. सगळ्या चांगल्या दुधाच्या. गोठ्यात काय चुकत असेल?

वर्षात व्यालेल्या गाईंपैकी ५ टक्क्यांहून जास्त गाईंचे पोट सरकत असेल तर दोष व्यवस्थापनात शोधावा. तुमच्याकडे १५ टक्के आहे. गाईच्या पोटाचे भवितव्य व्यायच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन आठवड्यांत ठरते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाय व्यायला येते तेव्हा तिचा शरीर गुणांक (अंगावर चरबी किती ते सांगणारा आकडा) १ ते ५ या मापावर ३ ते ३.५ असावा. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या दिसत असतील आणि बरगडी हाताला लागत नसेल तर गाय जाड आहे. जाड गाय व्यायच्या वेळी खाणे जास्त सोडते, अंगची चरबी वितळवते, यकृतात चरबी साठते आणि किटोसिस होते. भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असते तेव्हा) तिला उपाशी ठेवून बारीक करणे तर त्याहून वाईट, चरबी तेव्हाच वितळू लागते. गुणांक दुधाच्या उत्तरार्धात सांभाळायचा असतो. भाकड काळ साधारण ६० दिवसांचा ठेवा.

भाकड गाईला भरपूर सुका चारा आणि बेताचा खुराक द्या. कोटीपोट मोठे आणि भरलेले राहते ते चाऱ्याने. शेवटच्या तीन आठवड्यांत दुभत्या गाईंचाच चारा आणि खुराक थोडा-थोडा सुरू करा, म्हणजे कोटीपोटातल्या जिवाणूंना सवय होते. २ ते ३ किलो खुराक पुरे. व्यायल्यावर खुराक रोज पाव ते अर्धा किलोने वाढवायचा. इथेच बहुतेकांची घाई होते. दूध वाढतेय म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी आठ किलो खुराक टाकला जातो आणि गाय चारा कमी करते. खुराक वेगळा देत असाल तर आधी चारा, मग खुराक, आणि एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नाही.

चाऱ्याची लांबी बघा. कुट्टी पिठासारखी बारीक झाली तर रवंथ होत नाही. फार लांब ठेवली तर गाय निवडून खुराक खाते आणि काड्या गव्हाणीत उरतात. अडीच ते चार सेंटीमीटर ठीक. मिश्र आहार देत असाल तर चाळण्यांचा डबा वापरून पाहा: १९ मिलिमीटर भोकांच्या वरच्या चाळणीत २ ते ८ टक्के आणि त्याखालच्या ८ मिलिमीटरच्या चाळणीत ३० ते ५० टक्के आहार राहायला हवा. हीच चाळण गव्हाणीत उरलेल्या चाऱ्यालाही लावा. वरच्या चाळणीतले प्रमाण तिथे खूप जास्त निघाले तर गाई निवडून खात आहेत. आहार थोडा ओला करा किंवा कुट्टी आणखी लहान करा. डबा नसेल तर बसलेल्या गाई मोजा. निम्म्याहून अधिक रवंथ करत असाव्यात.

कॅल्शियमचा प्रश्न नुसत्या मिल्क फिवरपुरता, म्हणजे व्यायल्यावर कॅल्शियम फार घटून गाय आडवी पडते त्या आजारापुरता, नाही. उभी असलेली, वरून ठणठणीत दिसणारी गायही व्यायल्यानंतर एक-दोन दिवस कॅल्शियममध्ये कमी असू शकते, आणि तिचे चौथे पोट तेवढ्यातच ढिले पडते. दुसऱ्या वेतापासून पुढच्या गाईंना व्यायल्यावर लगेच आणि १२ ते २४ तासांनी पुन्हा, तोंडाने सुमारे ५० ग्रॅम कॅल्शियम मिळेल असा बोलस (मोठी गोळी) किंवा जेल देता येतो. इथे ५० ग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम, औषधाचे वजन नव्हे. लेबल वाचून घ्या. आडव्या पडलेल्या गाईला तोंडाने काही देऊ नका. व्यायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे ऋणभारित क्षार (कॅल्शियम घटू नये म्हणून आहारात देतात ते, अ‍ॅनिऑनिक सॉल्ट) देत असाल तर लघवीचा सामू मोजा. ६ ते ६.८ मध्ये असला तर क्षार काम करत आहेत, ७.५-८ असला तर पैसे वाया जात आहेत, ५.५ च्या खाली गेला तर प्रमाण जास्त झाले आणि गाय खाणे कमी करेल.

व्यायल्यानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दोनदा रक्तातले किटोन मोजा. थेंबभर रक्तावर चालणारी छोटी मशिन मिळतात. १.२ मिलिमोल किंवा जास्त आले की गाय चांगली दिसत असली तरी प्रोपिलीन ग्लायकॉल सुरू करा. पहिले दहा दिवस रोज ताप घ्या. वार २४ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा, हाताने ओढू नका.

राहिली जागा आणि गर्दी. व्यायला आलेल्या गाईंना गव्हाणीवर प्रत्येकी ७५ सेंटीमीटर तरी मिळाले पाहिजेत. पहिलारू कालवडी जुन्या गाईंबरोबर असतील तर त्या मागे सरतात आणि उपाशी राहतात. शेवटच्या आठवड्यात गाय एका गटातून दुसऱ्यात हलवू नका. नव्या गटात भांडणात तिचे दोन दिवस खाणे मोडते, आणि ते दिवस परवडणारे नसतात. व्यायल्यावर पहिले काम म्हणजे कोमट पाणी, पिईल तितके.

तिन्ही गाईंच्या नोंदी एका कागदावर मांडा: व्यायची तारीख, गुणांक, जुळी होती का, वार पडली का, मिल्क फिवर झाला का, पोट कितव्या दिवशी सरकले. तिघीही जाड होत्या असे निघाले तर भाकड गटाचा आहार दुरुस्त करा. तिघींनाही आधी मिल्क फिवर झाला असेल तर क्षार आणि कॅल्शियमकडे बघा. एकही आजार नव्हता आणि पोट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरकले असेल तर बोट खुराकाच्या घाईकडे आणि कुट्टीकडे जाते.

प्रश्न : म्हशींना हा आजार होतो का? आणि बरी झालेली गाय ठेवावी की विकावी?

म्हशीत क्वचित दिसतो. मोठ्या चणीच्या, जास्त दुधाच्या विदेशी व संकरित गाईंत जास्त. वंशातही थोडी प्रवृत्ती उतरते.

बरी झालेली गाय केवळ या कारणाने विकू नका. पोट नीट शिवले गेले असेल तर ते पुन्हा डावीकडे जाण्याची शक्यता कमी असते. दूध किती परत येईल ते आजार किती दिवस अंगावर काढला यावर आहे. पुढच्या वेताआधी मात्र तिचा गुणांक व्यायच्या तीन महिने आधीच पाहा आणि व्यायल्यावर किटोन मोजायची पहिली गाय तीच धरा.